पाण्यावरचा संसार

आपल्या बेटावर शिडाची होडी कोणाला नवी नाही. माहेबुर्गच्या पिरोगांच्या शर्यती पाहातच आपण सारे मोठे झालो. परंतु होडी असते ती मासे धरण्यासाठी, शर्यतीसाठी किंवा परदेशी पाहुण्यांना फिरविण्यासाठी, अशी आपली समजूत. होडीतच बिऱ्हाड थाटावयाचे, तेथेच मुलांना वाढवावयाचे, या महिन्यात एका बेटाजवळ तर पुढच्या महिन्यात दुसऱ्या बेटाजवळ राहावयाचे, ही गोष्ट आपल्या माणसांच्या गळी सहज उतरत नाही. आमच्या घरीही उतरली नव्हती. फ्रान्समधील राहते घर विकून शिडाची होडी घेतल्याचे आमच्या धाकट्या भावाने टेलिफोनवर कळविले, तेव्हा आई बराच वेळ गप्प राहिली. मग तिने एकच प्रश्न विचारला : "मग चूल कुठे मांडणार?"

ही २०१७ सालची गोष्ट. भाऊ फ्रीज आणि थंड हवेच्या यंत्रांचा मेकॅनिक. बाविसाव्या वर्षी तो फ्रान्सला गेला आणि तेथेच त्याने लग्न केले. भावजय ब्रिटनीची, समुद्र तिच्या माहेरचाच. होडी बारा मीटर लांब आणि वयाने त्यांच्या लग्नापेक्षा मोठी. दोन वर्षे दोघांनी तिची डागडुजी केली. २०१९ च्या अखेरीस आफ्रिकेच्या पश्चिमेकडील केप व्हर्देहून निघून, व्यापारी वाऱ्यांच्या जोरावर अटलांटिक ओलांडून ते मार्तिनिकला पोचले. अंतर दोन हजारांहून अधिक सागरी मैलांचे; त्यांना सतरा दिवस लागले. मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती, मुलगा तीन वर्षांचा. त्या सतरा दिवसांत आईने किती नवस बोलले त्याचा हिशेब आम्ही ठेवलेला नाही.

त्यानंतर पाच वर्षे आम्ही त्यांना टेलिफोनच्या पडद्यावरच पाहात होतो. आपल्याकडे संध्याकाळचे सहा वाजतात तेव्हा तिकडे सकाळचे दहा. देवापाशी दिवा लागला की आई फोन करी आणि तिकडे मुलांच्या अभ्यासाला दहा मिनिटांची सुट्टी होई. २०२४ च्या जूनअखेर ही रीत दोन दिवस मोडली. बेरिल नावाचे चक्रीवादळ त्या बेटांवर चालून गेले होते. तिसऱ्या दिवशी फोन आला. सारे सुखरूप होते. पण त्याच संध्याकाळी आईने आम्हांस जवळ बसवून सांगितले, "तुम्ही दोघं जा, त्यांचं घर डोळ्यांनी बघून या. आणि पोरीला घेऊन या. आता तिची कॉलेजची वेळ झाली."

म्हणून त्याच वर्षीच्या डिसेंबरात, शाळांच्या मोठ्या सुट्टीत, आम्ही उभयता निघालो. हा महिना सुट्टीमुळे जसा सोयीचा तसा हवेमुळेही. कॅरिबियनमध्ये वादळांचा हंगाम १ जूनला सुरू होतो आणि ३० नोव्हेंबरला संपतो. आपला हंगाम नेमका उलटा : आपल्याकडे वर्दीचे आकडे ऐकू येऊ लागतात तेव्हा तिकडची माणसे सुटकेचा श्वास टाकीत असतात. ही साधी गोष्ट पुढे आमच्या कामी आली, ते यथावकाश सांगू.

निघण्यापूर्वी भावाचे दोन हुकूम आले. पहिला, कडक पेटी आणावयाची नाही. रिकामी झाल्यावर घडी करून ठेवता येईल अशी कापडी पिशवी आणावी, कारण पेटी ठेवण्यास होडीत जागा नाही. दुसरा हुकूम आम्हांस चमत्कारिक वाटला. पाहुण्याने भेटीची जागा ठरवावी किंवा तारीख ठरवावी. दोन्ही ठरवू नयेत. वारा नसला किंवा जास्त असला तर होडी निघत नाही, आणि तारखेपायी घाई करून निघालेल्या होड्याच संकटात सापडतात. आम्ही तारीख ठरविली. त्याने जागा सांगितली ती निघण्याच्या आठच दिवस आधी : मार्तिनिकमधील ल मारें. परतीचे तिकीट ग्रेनाडाहून लंडनमार्गे होते. म्हणजे उत्तरेकडून दक्षिणेकडे जावयाचे. ईशान्येचा वारा पाठीशी आणि बाजूला घेऊन. आमच्या पिशव्यांत निम्मे सामान भावाचे होते : पंपाच्या रबरी चक्र्या, शिडे शिवण्याचा जाड दोरा, असलेच काही. उरलेल्या जागेत आईने भाजलेला मसाला, पापड आणि आंब्याचे लोणचे कोंबले होते.

पॅरिसमार्गे दोन लांब विमानप्रवास करून आम्ही तिन्हीसांजेला ल मारेंच्या धक्क्यावर उभे राहिलो. समोर शेकडो डोलकाठ्या. होडीवर पोचविणारी रबरी डिंगी हीच या घरची मोटार. तिच्यात पाय ठेवावयाचा तो मधोमध, कडेला नव्हे, हे आठ वर्षांच्या पुतण्याने आम्हांस गंभीरपणे शिकविले. होडीवर चढण्यापूर्वी चपला काढावयाच्या, हे मात्र कोणाला शिकवावे लागले नाही.

आत उतरावयास पाच पायऱ्या. खाली उजेडाची, लाकडाच्या वासाची एक लांबट खोली. तीच बैठकीची, जेवणाची आणि शाळेची. पुढे एक त्रिकोणी खोली, तेथे आमची सोय केली होती. मागे दोन खणांत ते चौघे. आमच्या घराच्या ओसरीत ही सारी होडी मावली नसती, पण तिच्यातील राहण्याची जागा नक्की मावली असती. पायरीला लागूनच स्वयंपाकघर, आणि त्यात आईच्या प्रश्नाचे उत्तर. गॅसची चूल दोन आसांवर झुलती टांगलेली होती. होडी कितीही कलली तरी चूल स्वतःला सावरून सरळ राहते आणि वरण पातेल्यातच राहते. आम्ही त्या चुलीचे चित्र काढून आईला पाठविले. तिचे उत्तर आले : "हलती चूल मी पहिल्यांदाच बघते. तिची पूजा तरी करतात का?"

या घरात पैशापेक्षा पाणी जपून वापरतात. टाकीत मावते चारशे लिटर. समुद्राचे पाणी गोड करणारे यंत्र आहे, पण ते वीज खाते, आणि वीज येते ती मागच्या बाजूस बसविलेल्या सूर्याच्या तक्त्यांकडून. म्हणजे ढग आले की पाणीही कमी. भांडी प्रथम समुद्राच्या पाण्याने घासावयाची, शेवटी गोड पाण्याचा एक हात फिरवावयाचा. अंघोळ म्हणजे समुद्रात बुडी, वर येऊन साबण, पुन्हा बुडी, आणि मग डोक्यावर दोन लिटर गोड पाणी. आमच्या सौभाग्यवतींनी पहिल्याच सकाळी चटणीसाठी मिक्सर मागितला. भाऊ काही बोलला नाही; त्याने फक्त भिंतीवरील वीज मोजण्याच्या काट्याकडे पाहिले, आणि भावजयीने खलबत्ता काढून दिला. तीन आठवडे चटणी खलबत्त्यातच झाली. ती चांगली झाली, हेही नोंदवितो.

लोकांना वाटते की असे राहणारी माणसे दिवसभर उन्हात लोळत असतील. आम्ही पाहिले ते उलटे. मीठ आणि ऊन मिळून होडीचे रोज काही ना काही खातात. आज पंप गळतो, उद्या दोर झिजतो, परवा शिडाची शिवण उसवते. भाऊ सकाळी आपली होडी दुरुस्त करतो आणि मार्तिनिकमध्ये असला की दुपारी इतरांच्या होड्यांतील फ्रीज. भावजय रेयुनियोंमधील एका कचेरीचे हिशेब संगणकावर लिहिते; तिकडचा दिवस आठ तास पुढे असल्याने मुले निजल्यावर तिचे ऑफिस सुरू होते. पैसा बेताचाच आहे. भाड्याचा खर्च नाही इतकेच. नाहीतर खर्चाला इथेही तोंडे पुष्कळ.

चौथ्या दिवशी नांगर उचलला. ल मारेंपासून सेंट लुसियाच्या उत्तर टोकाकडील रॉडनी बेपर्यंत सुमारे पंचवीस सागरी मैल. चांगल्या वाऱ्यात चार-पाच तास. सागरी मैल आपल्या रस्त्यावरच्या मैलाहून मोठा, म्हणजे १,८५२ मीटरांचा. बेटाच्या आडोशाला समुद्र तळ्यासारखा असतो. परंतु दोन बेटांमधील फटीतून अटलांटिकच्या लाटा आत घुसतात, आणि त्यांना आफ्रिकेपासून तेथवर अडविणारे काहीही नसते. नाताळच्या सुमारास तेथे वाराही जोर धरतो. शीड आखडून लहान केले होते, तरी होडी उजवीकडे इतकी कलली की कपाटांना कड्या का आहेत ते आम्हांस समजले. सौभाग्यवतींच्या पोटात ढवळू लागले. "क्षितिजाकडे बघा काकी, आत जाऊ नका," असे म्हणत पुतणी त्यांचा हात धरून बसली आणि मधून मधून वर शिडाकडे पाहून बापाला काही सांगत राहिली. त्या मुलीला वारा अंगाला कळतो. आम्हांस तो केवळ लागत होता.

या प्रवासात आमच्या जुन्या पाठ्यपुस्तकातील शब्दांना एकदम अर्थ आला. शीड, डोलकाठी, सुकाणू, नांगर, वल्हे : हे शब्द आम्ही वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो. मुलीने ते ऐकताच वही काढली आणि होडीतील प्रत्येक वस्तूला मराठीत काय म्हणतात, ते विचारू लागली. आपले कोकणातून आलेले पूर्वज यांतील बरेच शब्द जाणत असतील. काही दोरांना आम्ही नुसतेच 'शिडाची दोरी' म्हटले. तिने मुकाट्याने तसेच लिहून घेतले. मुले आईशी फ्रेंच बोलतात, बापाशी आपली क्रेओल आणि शेजारच्या होड्यांशी इंग्रजी. मराठी त्यांच्याकडे थोडी : आरती, मोजके नातेशब्द आणि आजीचे "जेवलास का?" एवढीच.

सेंट लुसियात क्रेओलने आमचे स्वागत केले. राजधानी कास्त्रीच्या बाजारात भाजीवालीशी आम्ही इंग्रजीत बोलत होतो. ती शेजारणीला पावसाविषयी काही म्हणाली त्यात 'लाप्ली' ऐकू आले आणि आम्ही सहज "की मान्येर?" म्हणून पाहिले. ती दचकली, मग हसली, आणि तिने तिच्या बोलीत उत्तर दिले. तिचे सगळे आम्हांस समजले नाही, आमचे सगळे तिला समजले नाही. पण पाणी, पाऊस, भाकरी, होडी हे शब्द एकाच घरातले. हा निव्वळ योगायोग नव्हे. १८१४ च्या पॅरिस तहाच्या एकाच कलमाने फ्रान्सने सेंट लुसिया आणि आपले बेट, तेव्हाचे 'इल द फ्रांस', ही दोन्ही इंग्रजांच्या हवाली केली. वर राज्य इंग्रजांचे, खाली मळेवाल्यांची फ्रेंच आणि गुलामांनी घडविलेली क्रेओल : दोन महासागरांत तीच कहाणी.

पुढची कहाणीही ओळखीची आहे. गुलामगिरी संपल्यावर हिंदुस्थानातून करारावरचे मजूर आले. आपल्याकडे 'अ‍ॅटलस' जहाज आले २ नोव्हेंबर १८३४ रोजी. मार्तिनिकला पहिले मजूर उतरले १८५३ मध्ये, ग्रेनाडाला १८५७ मध्ये, सेंट लुसियाला १८५९ मध्ये आणि सेंट व्हिन्सेंटला १८६१ मध्ये. या लहान इंग्रजी बेटांवर त्यांची संख्या थोडी होती. आज त्यांची नातवंडे-पतवंडे चेहऱ्यावरून ओळखता येतात, आडनावातही कधी कधी ओळख लागते. परंतु घरात हिंदुस्थानी भाषा राहिलेली नाही. राहिली आहे ती डाळपुरी. त्रिनिदादपासून वर सगळीकडे ती मिळते. तिला 'रोटी' म्हणतात, आणि तिच्यात बटाट्याची किंवा कोंबडीची आमटी गुंडाळून हातात देतात. कास्त्रीत ती खाताना मुलाने विचारले, "मोठे काका, मॉरिशसची लहान का असते?" आम्ही म्हटले, आपली दोन खायची असते.

आता शाळेबद्दल. आम्ही शिक्षक, हे पाहावयासच आम्ही अर्धे आलो होतो. रोज आठ ते बारा शाळा, त्यात हयगय नाही. फ्रान्सच्या सरकारी दूरशिक्षण संस्थेचे पाठ येतात, मुले ते लिहून पाठवितात आणि तिकडे बसलेले शिक्षक तपासतात. शाळेआधी मुलगा वायुभारमापक पाहून आकडा वहीत लिहितो, मुलगी टाकीतील पाणी आणि विजेचा साठा लिहिते. एके सकाळी मुलाला वजाबाकी घातली ती भावजयीने नकाशातून घातली. ल मारें उत्तर अक्षांश १४ अंश २८ मिनिटांवर, कारियाकू बेटाची टिरेल बे १२ अंश २७ मिनिटांवर. तर दक्षिणेकडे किती गेलो? अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल. मुलाने दोन अंश एक मिनिट, म्हणजे १२१ मैल, असे उत्तर काढले आणि वर विचारले, "पण आपण सरळ कुठं जातो?" आमच्या प्रशिक्षणाच्या काळात 'परिसरातून शिक्षण' या विषयावर आम्ही पुष्कळ व्याख्याने ऐकली होती. या प्रश्नाएवढा चांगला नमुना त्यांत आढळला नव्हता.

परंतु आम्ही दुसरी बाजूही पाहिली आणि ती भावाला सांगितली. मुलगी अकरा वर्षांची. तिला वाचावयास मिळते, विचार करावयास मिळतो. पण वर्गात वीस मुलांत आपली पाळी येईपर्यंत थांबणे, नावडत्या मुलाबरोबर एका बाकावर बसणे, भांडण होऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलणे, हे कोठे मिळते? शेजारच्या होड्यांतील मुले भेटतात, आठ दिवसांत जिवाभावाची होतात आणि वारा फिरला की निघून जातात. तिच्या पलंगावर भिंतीला पत्ते चिकटवलेले होते. मैत्रिणींच्या नावापुढे होडीचे नाव आणि शेवटी भेटल्याची तारीख. बहुतेक तारखा जुन्या होत्या. शिक्षक म्हणून हे आम्हांस गौण वाटत नाही. बिक्वे बेटाजवळ नांगर टाकला होता त्या रात्री आम्ही आईचा निरोप स्पष्ट शब्दांत दिला : मुलीला आमच्याबरोबर पाठव, आमच्याकडे राहील, कॉलेजात जाईल. भाऊ उठून पुढे नांगराची साखळी पाहावयास गेला. पुढचे दोन दिवस तो आमच्याशी जेवणापुरते बोलला.

त्या दोन दिवसांत आम्ही टोबॅगो केज या प्रवाळांच्या उथळ पाण्यात होतो. कासवे होडीखालून जात होती. पाण्याचा तो रंग वर्णन करण्याच्या मनःस्थितीत आम्ही नव्हतो.

मग युनियन बेट आणि कारियाकू. येथे बेरिलविषयी सांगितले पाहिजे. हे वादळ २०२४ च्या २८ जूनला अटलांटिकमध्ये उभे राहिले आणि ३० जूनला चौथ्या श्रेणीचे झाले. जून महिन्यात तेथे इतके प्रबळ वादळ पूर्वी कधी नोंदले गेले नव्हते. भावाची होडी तेव्हा ग्रेनाडाच्या दक्षिण किनाऱ्यावर होती. कित्येक होड्या कारियाकूच्या टिरेल बेमधील खारफुटीत शिरल्या. वादळात आसरा घेण्याची ती पूर्वापार जागा. भावानेही तोच विचार केला होता. भावजय म्हणाली, नको, दक्षिणेकडे जाऊ. २९ तारखेच्या दुपारी ते निघाले, रात्रभर शीड आणि इंजिन दोन्ही चालवून सुमारे ऐंशी सागरी मैल कापले आणि रविवारी सकाळी त्रिनिदादच्या शागारामासला नांगर टाकला. रविवार म्हणून दुकाने बंद, फोनचे कार्ड मिळेना. आमच्या आईचे ते दोन दिवस असे गेले. सोमवारी, १ जुलैला, वादळ कारियाकूवरूनच गेले.

सहा महिने उलटून गेल्यावरही आम्ही जे पाहिले ते आपल्याकडील वृद्धांच्या तोंडून ऐकलेल्या १९६० च्या कॅरोलसारखे होते. युनियन बेटावर दहांपैकी नऊ घरे मोडली किंवा पार गेली, असे तेथील पंतप्रधानांनी तेव्हा सांगितले होते. डोंगरउतारावर निळी ताडपत्री आणि नवे पत्रे आलटून पालटून दिसत होते. टिरेल बेच्या खारफुटीत मोडक्या डोलकाठ्या अजून आडव्या पडल्या होत्या. त्यांपैकी एक होडी भावाच्या ओळखीच्या वृद्ध जोडप्याची. माणसे वाचली, होडी म्हणजेच त्यांचे सारे घर होते, ते राहिले नाही.

किनाऱ्यावर चालताना मुलीने आम्हांस एक घर दाखविले. तिच्या एका मैत्रिणीचे. ही होडीवरची नव्हे, बेटावरची. छप्पर नव्हते. मैत्रीण आता ग्रेनाडात मावशीकडे असते. आम्ही विचारले, त्या रात्री त्रिनिदादला जाताना तुला भीती वाटली का? ती म्हणाली, "मला नाही वाटली. मी कंपास बघत होते. पण घर पळू शकत नाही ना, मोठे काका. ती लोकं तिथंच बसून होती."

आमच्याकडे याला उत्तर नव्हते. आईचे म्हणणे खोटे ठरले असे आम्ही मानत नाही. मुलीचेही खोटे नव्हते.

तोडगा भावजयीने काढला. नकाशांच्या टेबलावर एक तक्ता चिकटवलेला होता. विमा कंपनीच्या अटीप्रमाणे जून ते नोव्हेंबर होडी कोठे ठेवावयाची ते त्यावर तांबड्या रेघांनी लिहिलेले. त्या संध्याकाळी तिने त्या रेघांवर बोट ठेवले. "दादा, हे सहा महिने आम्ही वादळाला घाबरून एका खाडीत बसतो. तुमच्याकडे या सहा महिन्यांत वादळ नसतं. होडी जमिनीवर उचलून ठेवली तर आम्हीच का येऊ नये?" भाऊ लगेच कबूल झाला नाही. चौघांची तिकिटे, होडी उचलण्याचा आणि ठेवण्याचा खर्च. शिवाय जमिनीवरची होडी सुरक्षित असते असेही नाही. २००४ च्या सप्टेंबरात आयव्हन वादळाने ग्रेनाडात टेकूंवर उभ्या असलेल्या होड्या एकमेकींवर पाडल्या होत्या. मग त्रिनिदाद, असे ठरले. ते वादळांच्या वाटेच्या बरेचसे खाली येते. मुलीने विचारले, "मला तिथे खोली असेल?" आम्ही हो म्हटले. मुलगा म्हणाला, मला नको, मला सगळ्यांबरोबर झोपायचंय.

ग्रेनाडाला आम्ही विमानात बसलो तेव्हा आमच्याबरोबर मुलगी नव्हती. आई विमानतळावर आली होती. तिने आधी आमच्या मागे पाहिले, मग आमच्याकडे. घरी येईपर्यंत ती बोलली नाही. जूनची गोष्ट सांगितली तेव्हा म्हणाली, "बघू."

२०२५ च्या जूनमध्ये ते चौघे आले. दूरशिक्षणाचे पाठ सकाळी आमच्या ओसरीत चालत आणि संध्याकाळी मुलगी आमच्या मंडळाच्या मराठी वर्गात बसे. पहिल्या आठवड्यातच बाकावरच्या मुलीशी तिचे भांडण झाले, आणि सहा महिने त्या दोघी एकमेकींना सोडीनात. ऑगस्टअखेर गणपती आला. विसर्जनाच्या मिरवणुकीत भाऊ झांजा वाजवीत पुढे होता. किनाऱ्यावर पोचल्यावर मात्र त्याने सवयीने प्रथम वाऱ्याची दिशा पाहिली. रात्री त्याला झोप लागत नसे. घर हलत नाही, असे तो म्हणे. आठवड्यातून एकदा तो त्रिनिदादला फोन करून होडीचे टेकू नीट आहेत ना, हे विचारी.

आईचे आणि मुलीचे खटके उडत ते नळावरून. आपल्याकडे नळाचे पाणी ठराविक वेळीच येते आणि छपरावरच्या टाकीवर दिवस काढावा लागतो, हे मुलीला कळले तेव्हापासून आई भांडी घासू लागली की ही मागून जाऊन नळ बारीक करी. आई तो पुन्हा मोठा करी. "सत्तर वर्षं भांडी घासते मी," आई म्हणे, "ही मला पाणी मोजायला शिकवते." ऑक्टोबरात आम्ही पाहिले तर मोरीत दोन बादल्या होत्या : एक घासण्याची, एक विसळण्याची. कोणी ठेवल्या ते कोणी सांगितले नाही.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ते परत गेले. मसाला, पापड, लोणचे आईने या वेळी कापडी पिशव्यांत स्वतः भरून दिले. दारात तिने भावाला पुढच्या जूनची तारीख विचारली.

"एक जूननंतर, आई. वारा बघून."

"वारा बघ," आई म्हणाली, "पण ये."